कारखान्यात नव्याने लागलात? पहिली सूचना देण्याआधी हे वाचा

भोसरीतल्या एका कारखान्यात ट्रेनी इंजिनियर म्हणून लागले, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात मला एक गोष्ट खटकली. व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, हाउसिंगचं मशीनिंग झालं की ऑपरेटर नग काढायचा, एअर गननं चिप्स उडवायचा, मागे वळायचा, वाकायचा आणि जमिनीवरच्या क्रेटमध्ये नग ठेवायचा. मी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली. वळून, वाकून परत यायला ४ सेकंद. पाळीला ६०० नग, म्हणजे २,४०० सेकंद. तब्बल ४० मिनिटं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये, प्लँट हेड समोर असताना, मी हे सांगून टाकलं. सुपरवायझर काहीच बोलले नाहीत. मीटिंग संपल्यावर एवढंच म्हणाले, "मॅडम, आधी कन्फर्म तर व्हा." क्रेट जिथे होता तिथेच राहिला आणि पुढचे सहा महिने मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही.

सव्वा वर्षानं चाकणला दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथेही तसंच मशीन, तसाच जमिनीवरचा क्रेट. या वेळी मी आधी ऑपरेटर काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, यात मशीनचा टाइम नाही वाचणार. मी मागे वळतो तेव्हा पुढचा नग आत कापला जात असतोच. पण माझी कंबर वाचेल." भोसरीत मांडलेला माझा हिशेब कुठे चुकला होता, ते मला तेव्हा कळलं. काका आणि मी मिळून सुपरवायझरांकडे गेलो. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि मेंटेनन्सला फोन लावला. स्क्रॅपमधले रोलर आणि पाइप काढून गुरुवारपर्यंत कंबरेइतक्या उंचीचा रोलर ट्रॅक तयार झाला.

सूचना तीच, देणारी मीच. एका ठिकाणी ती मेली, दुसऱ्या ठिकाणी तिच्यातली चूक दुरुस्त होऊन ती कामाला आली. नव्या माणसाची सूचना बहुतेक वेळा अर्धीच बरोबर असते, कारण त्याला जागेची माहितीच अर्धी असते. उरलेली अर्धी आजूबाजूच्या माणसांकडे असते. ती माणसं ती माहिती आपणहून देतात की गिळून टाकतात, हे त्या कारखान्याच्या वातावरणावर ठरतं. म्हणून सूचना देण्याआधी ते वातावरण वाचायला शिकायचं. आयटीआय, डिप्लोमा किंवा डिग्री करून पहिल्यांदाच शॉपफ्लोअरवर उतरलेल्या मुलामुलींना ते कसं करायचं, तेवढं इथे सांगते.

माणसं तीच, वातावरण वेगळं

"आपल्याकडची माणसंच अशी, इथे कायझेन-बियझेन चालत नाही," असं पहिल्याच महिन्यात कुणीतरी तुम्हाला सांगेल. कायझेन म्हणजे कामात छोट्या छोट्या सुधारणा करत राहण्याची जपानी पद्धत. हे मनावर घेऊ नका. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, तंटे आणि खराब मालासाठी तो बदनाम होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तीच जागा पुन्हा सुरू केली, नाव ठेवलं नुमी. बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियनही तीच. बदललं ते वागणं. जुन्या दिवसांत काही झालं तरी लाईन थांबवायची नाही, असा दंडक होता. आता लाईनच्या कडेनं एक दोरी बांधली होती. काही बिघडलेलं दिसलं की कोणत्याही कामगारानं ती ओढायची. दोरी ओढली की टीम लीडर मदतीला येई. तेवढ्यात अडचण सुटली नाही तर लाईन थांबे आणि त्याबद्दल कामगाराला बोलणी बसत नसत. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या टोयोटाच्या गाड्यांच्या जवळ जाऊन पोहोचला.

आणि ही पद्धत जपान्यांच्या रक्तातच आहे, असंही नाही. १९५० साली टोयोटाचे एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले होते. तिथली कामगारांच्या सूचना घेण्याची योजना त्यांनी पाहिली आणि १९५१ पासून टोयोटात तशी योजना सुरू झाली. आपल्याकडे क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी छोट्या गटात बसून कामातल्या अडचणी सोडवण्याची, सुरुवात १९८० साली भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबादच्या कारखान्यात झाली. म्हणजे पद्धत कुठूनही आणता येते. पण नुसती सूचनापेटी आणली आणि वागणं जुनंच ठेवलं, तर पेटीत चॉकलेटचे कागद सापडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायरी १: पहिला महिना वाचनाचा

वाचन म्हणजे मॅन्युअलचं नाही, भिंतींचं आणि माणसांचं.

कायझेन बोर्डासमोर, म्हणजे केलेल्या सुधारणांच्या शीट लावतात त्या बोर्डासमोर, पाच मिनिटं उभं राहा. शेवटच्या शीटवर तारीख कोणती आहे? ऑडिटच्या आदल्या आठवड्यातच सगळ्या शीट भरलेल्या असतील, तर इथे कायझेन ऑडिटरसाठी टाकले जातात. नावं कुणाची आहेत? सगळी इंजिनियरांचीच असतील, तर ऑपरेटरचं डोकं इथे मोजलं जात नाही. कंत्राटी कामगाराचं एकही नाव नसेल, तर लाईनवरच्या कितीतरी जोड्या डोळ्यांकडे या कंपनीनं पाठ फिरवली आहे. मला याचा फार राग येतो. ज्याच्या हाताखालून रोज शेकडो नग जातात, त्याला फॉर्मच मिळत नाही, कारण फॉर्मवर परमनंट कोड नंबर लागतो.

मग सेफ्टीचं नियर मिस रजिस्टर मागून बघा. अपघात होता होता टळला, अशा नोंदी त्यात असतात. महिनोनमहिने रजिस्टर कोरं असेल, तर जागा सुरक्षित आहे असं समजू नका. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इस्पितळांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटंच: चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त होत्या. कारण तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बोलून दाखवत होती. कोऱ्या रजिस्टरचा अर्थ तेव्हापासून मी वेगळा लावते.

तिसरी गोष्ट कानानं ऐकायची. मशीन बंद पडलं किंवा रिजेक्शन निघालं की साहेबांच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? "कुणी केलं?" की "काय झालं?" या एका शब्दावरून मला जागेचा जेवढा अंदाज येतो, तेवढा दुसऱ्या कशानंही येत नाही. "कुणी केलं" म्हणणाऱ्या ठिकाणी माणसं आधी स्वतःला वाचवतात, मग मशीनला. गुणवत्तेचे धडे देताना अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांनी आपल्या १४ मुद्द्यांमध्ये भीती घालवण्याला वेगळी जागा दिली होती. भीती असेल तिथे आकडेसुद्धा खोटे येतात.

एक अपवाद मात्र आत्ताच सांगते. सुरक्षेची गोष्ट दिसली, म्हणजे गार्ड काढून ठेवलेला आहे, सेन्सर बायपास केलाय, वायर उघडी आहे, तर महिना थांबायचं नाही. त्याच मिनिटाला सुपरवायझरांना सांगायचं. तिथे वातावरण वाचत बसायची मुभा नाही.

पायरी २: काकांना विचारा, पण नीट विचारा

लाईनवरच्या जुन्या माणसाकडे जाऊन "हे असं का करता?" असं विचारलंत, तर तो तुमच्याकडे तपासणीला आल्यासारखा बघेल. "काका, मला हे शिकायचंय, हे असंच ठेवायचं कारण काय?" हा प्रश्न चालतो. त्याहून चांगला प्रश्न: "याआधी कुणी वेगळं करून बघितलं होतं का?" नव्वद टक्के वेळा बघितलेलं असतं, असा माझा अनुभव. का फसलं, हे ऐकताना तुमची सूचना आपोआप सुधारते.

तरीही काही वेळा काका काहीच बोलणार नाहीत. त्यांना माहिती असते, पण ती ते देत नाहीत. नव्या मुलांना हा अडेलपणा वाटतो. पण त्यामागे फार जुना हिशेब असतो, तो समजून घ्या.

पुणे पट्ट्यात युनियन असलेल्या कारखान्यांमध्ये वेतनाचा करार साधारण तीन वर्षांनी होतो. पगारवाढीबरोबर त्यात उत्पादनाचा आकडाही ठरतो: अमुक मशीनवर पाळीला इतके नग. आता समजा काकांनी स्वतःची अक्कल लावून नगामागे तीन सेकंद वाचवली. ती तीन सेकंद कुणाची? आज ते पाणी प्यायला, पाठ टेकायला वापरतात. उद्या तुमच्या शीटवर ती आली, की पुढच्या करारात आकडा वाढतो. किंवा शेजारचं मशीनही त्यांच्याच गळ्यात पडतं आणि तिथला कंत्राटी पोरगा घरी जातो. एकदा असं झालं, की तो किस्सा कँटीनमध्ये वीस वर्षं टिकतो. मग कायझेन म्हटलं की माणसं गप्प होतात. त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

म्हणून तुमची पहिली सूचना वेळ वाचवण्याची नसावी, हा माझा ठाम सल्ला. ती कष्ट वाचवणारी असावी, नाहीतर चूक टाळणारी: वाकणं कमी होईल, नग उलटा बसणारच नाही अशी पिन बसेल, गेज हाताशी येईल, अंधाऱ्या तपासणी टेबलावर दिवा येईल. यात कुणाच्या पोटावर पाय येत नाही, आणि काकांना दिसतं की ही पोरगी किंवा हा पोरगा आपल्या बाजूनं विचार करतोय. दुसऱ्या सूचनेच्या वेळी ते आपणहून बोलायला लागतात.

पायरी ३: "नाही" कुठून आलं ते ओळखा

नव्यानं लागलेल्यांचा मोठा गैरसमज असा, की सूचना नाकारली म्हणजे साहेबांचा अहंकार आड आला. कधी येतोही. पण गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात "नाही" म्हणायला खरीखुरी कारणं असतात आणि ती तुम्हाला शिकवलेली नसतात.

यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ४एम चेंज. माणूस, मशीन, मटेरियल आणि मेथड, या चारांपैकी काहीही बदललं तर त्याची नोंद करावी लागते, आणि बऱ्याच बदलांना कस्टमरची आधी मंजुरी लागते. तुम्ही म्हणाल, "कूलंट बदलूया, त्यात काय?" पण त्या कूलंटवर, म्हणजे कापताना नगावर सोडतात त्या द्रवावर, गंज न लागण्याची चाचणी झालेली असते. "हे दोन ऑपरेशन एकत्र करू," म्हणाल, तर कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता) आणि एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं त्याची यादी) दोन्ही बदलावे लागतात, नमुने पाठवावे लागतात आणि मंजुरी यायला महिने लागू शकतात. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तर तुमच्या कंपनीचा नसतोच. तो गाडी बनवणाऱ्या कंपनीचा असतो.

यासाठी सूचना लिहिण्याआधी क्वालिटीतल्या कुणाला तरी एवढंच विचारा: "सर, हे ४एममध्ये येतं का? कस्टमरला कळवावं लागेल का?" क्रेटची उंची, साधनं ठेवायचा बोर्ड, लेबलचा रंग, ट्रॉलीची चाकं या गोष्टी सहसा नगाला हात लावत नाहीत. सुरुवात तिथून करा.

आता चांगलं आणि वाईट वातावरण इथे कसं ओळखायचं? चांगल्या ठिकाणी "नाही" बरोबर कारण येतं: "कस्टमरची परवानगी लागेल, पुढच्या मॉडेलला बघू." वाईट ठिकाणी नुसतंच "नाही" येतं, किंवा "बघू" येतं आणि मग कुणीच बघत नाही. कारण मिळालं तर ते वहीत लिहून ठेवा, शाळेत न मिळालेला धडा आहे तो. कारण मिळालं नाही तर आवाज न चढवता एकदाच विचारा: "सर, माझ्याकडून काय राहिलंय ते कळलं तर पुढच्या वेळी नीट करीन." बरेच सुपरवायझर यावर मोकळे होतात. त्यांनाही ट्रेनी असताना कुणी कारणं सांगितलेली नसतात.

पायरी ४: आधी दोन दिवसांची ट्रायल, मग कागद

सुपरवायझरांची परवानगी घेऊन, एकाच मशीनवर, एकाच पाळीत करून बघा. पुठ्ठा, लाकडी फळी, स्क्रॅपमधला पाइप, चिकटपट्टी यांवर काम भागवा. खर्चाची मागणी घेऊन गेलात की प्रश्न अकाउंट्सकडे जातो आणि तिथे तुमची ओळख नसते. पुठ्ठ्याचा नमुना दाखवलात की साहेब स्वतःच म्हणतात, "हे पत्र्याचं करून घ्या."

मग एक पानाची शीट. आधी काय होतं, आता काय आहे, काय फरक पडला आणि कुणी कुणी केलं. फोटो हवेतच, पण अनेक कारखान्यांत आत मोबाइल चालत नाही, तेव्हा डिपार्टमेंटचा कॅमेरा मागून घ्या. गेटवर फोन पकडला गेला तर सूचना बाजूलाच राहील. आकडा एकच द्या, पण तो स्वतः मोजलेला. "उत्पादकता वाढेल" असं लिहू नका. "पाळीत ६०० वेळा वाकावं लागत होतं, आता लागत नाही," असं लिहा.

पायरी ५: वेळ आणि माणूस

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणालाही काहीही सुचवू नका. डिस्पॅचचा धोशा चालू असतो, ट्रक गेटवर उभे असतात, साहेबांना घरून आलेला फोनही घेता येत नाही. ऑडिटचा आठवडाही टाळा. महिन्याचा दुसरा आठवडा आणि पाळी सुरळीत सुरू झाल्यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यात बरा वाटत आला आहे.

आणि पहिल्यांदा सांगायचं ते सुपरवायझरांना, एकट्यात, मशीनपाशी उभं राहून. सगळ्यांसमोर सांगितलं की सूचनेचा अर्थ बदलतो. लाईन ज्याच्या नावावर चालते, त्याला ती "तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" अशी ऐकू येते. भोसरीत माझ्याकडून हेच झालं होतं. त्यांनी मला तोडलं ते चूकच, पण मी त्यांना त्यांच्या साहेबांसमोर उघडं पाडलं होतं, हेही खरं. वाक्य असं ठेवा: "सर, काका आणि मी एक गोष्ट बघत होतो. तुमच्याकडे पाच मिनिटं असतील तर दाखवू का?" चाकणला मी जवळपास याच शब्दांत विचारलं होतं.

मुलींसाठी दोन ओळी जास्त. मीटिंगमध्ये तुम्ही बोललात, कुणाच्या कानावर गेलं नाही आणि दहा मिनिटांनी तेच शेजारचा बोलला तर सगळ्यांनी मान डोलावली, असं होईल. त्याच जागी, शांतपणे म्हणा, "हो, मी मघाशी हेच म्हणत होते, त्यात अजून एक भर घालते." गप्प बसलात की ती सूचना कायमची दुसऱ्याची होते.

पायरी ६: नाव कुणाचं?

शीटवर ऑपरेटरचं नाव पहिलं लिहा, तुमचं त्याखाली. सुपरवायझरांचं नाव मार्गदर्शक म्हणून घाला. खरोखर मदत केली असेल तर घालाच, आणि केली नसेल तरी पहिल्या वेळी घालायला माझी हरकत नाही. त्यांची सही लागणार आहे आणि बक्षिसापेक्षा तो ट्रॅक बसणं महत्त्वाचं आहे. पण ऑपरेटरचं नाव गाळून कुणी शीट वर पाठवत असेल, तर तिथे नमतं घेऊ नका. शीटची तारखेसह एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि ट्रायल झाली त्याच दिवशी सुपरवायझरांना दोन ओळींचा मेल टाका: "आज अमुक मशीनवर अमुक काकांबरोबर ट्रायल घेतली." एवढ्यानं पुढचे बरेच घोळ टळतात.

पायरी ७: उत्तरच आलं नाही तर

दोन आठवडे थांबा, एकदा आठवण करा. त्यानंतर दुसरी वाट बघा. क्वालिटी सर्कल चालू असेल तर त्यात जा. विषय सुरक्षेचा असेल तर सेफ्टी कमिटी असते. कारखाने कायद्यात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीनं धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत अशी कमिटी सक्तीची झाली आणि तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं ठेवायचे ठरलं. तुमच्या प्रतिनिधीचं नाव नोटीस बोर्डावर शोधा, नाहीतर काकांना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

तीन सूचना दिल्या, तिन्ही नीट मोजलेल्या, आणि एकाचंही कारणासह उत्तर आलं नाही, तर दोष तुमचा नाही. तिथे काम शिका, वहीत नोंदी ठेवत राहा आणि पुढची नोकरी शोधताना मुलाखतीतच विचारा: "मागच्या महिन्यात ऑपरेटरनं सुचवलेला एखादा बदल सांगाल का?" समोरचा लगेच एखादा सांगून मोकळा झाला, तर त्या ठिकाणाबद्दल तुम्हाला बरंच कळलेलं असतं.

पायरी ८: रात्रपाळीला जाऊन बघा

सूचना मंजूर झाली, शीट बोर्डावर लागली, टाळ्या झाल्या, की बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. चाकणचा तो ट्रॅक बसल्यावर महिन्याभरानं मी रात्रपाळीला गेले, तर क्रेट पुन्हा जमिनीवर आणि ट्रॅक भिंतीला टेकवून ठेवलेला. मला वाईट वाटलं. त्या पाळीतला मुलगा उंचीनं कमी होता. काकांच्या कंबरेइतकी उंची त्याच्या छातीशी येत होती आणि नग उचलून ठेवताना त्याचे खांदे भरून यायचे. ट्रॅक बनवताना आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांनी पायांच्या पाइपला दोन-दोन इंचांवर चार भोकं पाडली आणि बोल्ट घातला. आता पाळी बदलली की येणारा माणूस पहिल्यांदा तो बोल्ट आपल्या उंचीला लावतो.